विषाणू आणि मिठाची गोणी
(दौलताबाद येथे प्रौढ वाचनवर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला औषधांविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही शाळामास्तर. औषध देणे हे डॉक्टरचे काम. पण ते औषध काय करते आणि ते केव्हा घ्यावे, हे समजून घेणे तुमचे-आमचे काम आहे. हे समजले नाही, तर माणूस एक तर औषधाला भितो, नाही तर ऊठसूट औषध मागतो. दोन्ही वाईट.

पुष्कळ रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे होतात. त्यांतल्या दोन जाती ध्यानात ठेवा. एक जीवाणू, दुसरी विषाणू. क्षय, पटकी, विषमज्वर हे जीवाणूंचे रोग. सर्दी, फ्लू, कांजिण्या, नागीण, डेंगी, करोना, एड्स हे विषाणूंचे रोग.

दोघांत फरक काय? जीवाणू कितीही लहान असला तरी त्याचा स्वतःचा संसार असतो. तो खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणू त्याच्याहूनही पुष्कळ लहान. त्याला स्वतःचा संसार नाही. त्याच्याजवळ असते फक्त एक चिठ्ठी. “माझ्यासारखे आणखी तयार करा,” एवढाच त्या चिठ्ठीचा अर्थ. ही चिठ्ठी घेऊन तो आपल्या शरीराच्या पेशीत शिरतो.

पेशी म्हणजे काय? भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे. पेशी इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण तिच्या आत कोठार असते, कामकरी असतात, सगळा कारभार असतो. विषाणू आत शिरला की हे कामकरी त्याची चिठ्ठी वाचतात. धन्याचे काम सोडून विषाणूचे काम करू लागतात. एका विषाणूचे शेकडो होतात. ते बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात.

आता अडचण बघा. चोर शेतात असला तर त्याला काठीने हाकलता येतं. पण चोर आपल्याच घरात, आपल्याच चुलीवर भाकरी भाजत बसला तर? घर पेटवून चोर मारता येत नाही. म्हणूनच विषाणूवर औषध शोधणे अवघड. जीवाणूंवरची औषधे, ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो, ती जीवाणूची भिंत तरी फोडतात किंवा त्याचा कारभार तरी बंद पाडतात. विषाणूला ना तशी भिंत, ना कारभार. म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिकची गोळी घेऊन काही उपयोग होत नाही.

मग उपाय काय? आपल्या गावच्या किल्ल्याचीच गोष्ट आठवा. या देवगिरीवर रामदेवराव यादवांचे राज्य होते. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. त्याने किल्ल्याला वेढा घातला. किल्ला लढून हाती लागण्यासारखा नव्हता. पण गडबडीत वर नेलेल्या गोण्या उघडल्या, तेव्हा त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे सांगतात. मिठावर फौज जगत नाही. राजाला तह करावा लागला.

त्या वेळी आपले लोक फसले. विषाणूच्या बाबतीत मात्र आपण त्याला फसवायचे. विषाणूची नक्कल तयार करायला पेशीच्या कोठारातला माल लागतो. शास्त्रज्ञांनी काय केले? त्या मालासारखीच दिसणारी खोटी वस्तू बनवली. विषाणूचा कामकरी ती खरी समजून उचलतो आणि कामाला लावतो. पण पुढचा सांधा तिला जुळत नाही. नक्कल अर्धीच राहते. गोणी धान्याची म्हणून नेली, आत निघाले मीठ!

असायक्लोविर नावाचे औषध याच युक्तीचे आहे. त्याची गंमत अशी, की ही गोणी चोराच्याच हाताने उघडते. ज्या पेशीत विषाणू शिरला आहे, तिथेच हे औषध मुख्यतः जागे होते. धडधाकट पेशींना त्याचा त्रास कमी. ते कसे काम करते, हे उलगडण्यात अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन या बाईंचा मोठा वाटा होता. १९८८ साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

हे औषध आपल्या गावात कशाला लागते? नागिणीला लागते. नागीण कोणाला माहीत नाही? अंगाच्या एका बाजूला आग होते, मग पट्ट्यासारखे पाण्याचे फोड उठतात. लोक म्हणतात, नागिणीने कमरेला पुरता वेढा घातला की माणूस दगावतो. मग मंत्र, उतारा, कावेचा लेप सुरू होतो. त्यात चार-आठ दिवस निघून जातात.

खरी गोष्ट वेगळी आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. त्यांचा विषाणू पुरता जात नाही. तो मज्जातंतूच्या मुळाशी निजून राहतो. मज्जातंतू म्हणजे अंगातली संवेदनांची तार. म्हातारपणी किंवा अशक्तपणात तो जागा होतो आणि त्या एका तारेवरून कातडीपर्यंत येतो. तार अंगाच्या एकाच बाजूची असते. ती पोटाच्या मध्यावर संपते. म्हणून नागीण बहुधा मध्यावरच थांबते. तिचा वेढा पुरा होण्याची भीती धरू नका. भीती धरायची ती उशिराची.

फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तर त्याचा गुण चांगला येतो. असायक्लोविर साधारणपणे दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावे लागते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. म्हणून तो आजार आधी सांगावा आणि पाणी भरपूर प्यावे. फोड कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ उठले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नाही तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. फोड सुकले तरी ठणका महिनोन्‌महिने राहू शकतो. रात्र रात्र बसून काढणारी म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. आणखी एक. खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत आणि तान्ह्या मुलांपासून व गरोदर बायांपासून दूर राहावे. त्यांना त्यातून कांजिण्या होऊ शकतात.

सगळीच औषधे मिठाच्या गोणीची नसतात. फ्लूवरचे ओसेल्टामिविर वेगळे काम करते. ते किल्ल्याचा दरवाजा अडवते. पेशीत तयार झालेल्या नव्या विषाणूंना बाहेर सुटू देत नाही. पण दरवाजा फौज बाहेर पडण्याआधी लावावा लागतो. म्हणून ते दोन दिवसांच्या आत घेतले तर जास्त उपयोगी.

आता एड्सकडे वळू. या रोगाचा विषाणू एचआयव्ही. भारतात तो १९८६ साली प्रथम आढळला. या विषाणूची खोड मोठी वाईट. तो पेशीच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवतो! एकदा फेरफार झाला, की ती पेशी जगेपर्यंत नाव निघत नाही. शिवाय आपली चिठ्ठी उतरवताना तो पुष्कळ चुका करतो. त्यातली एखादी चुकीची नक्कल मीठ ओळखायला शिकते. म्हणून त्याला एक औषध पुरत नाही, तीन औषधे एकदम द्यावी लागतात. आज आपल्याकडे ती तिन्ही बहुतेक रोग्यांना एकाच गोळीत मिळतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन मिठाच्या गोण्या. तिसरे डोलुटेग्राविर फेरफार होऊ देत नाही. पण आधी झालेला फेरफार ते खोडू शकत नाही. म्हणूनच गोळी रोज आणि जन्मभर घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून सोडली, की निजलेला विषाणू उठतो. मधून मधून चुकवली, तर तो औषधाला दाद देईनासा होतो.

एके काळी एड्सवरची औषधे श्रीमंत देशांतच मिळत. एका रोग्याला वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर जाई. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी त्या वेळची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देण्याची तयारी दाखवली. जगभरच्या गरिबांना त्याचा आधार झाला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे फुकट द्यायला सुरुवात केली. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. आपल्या जवळ, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही असे केंद्र आहे.

गोळी नेमाने घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. गरोदर बाईने औषध वेळेवर घेतले, तर मूल बहुतेक वेळा निरोगी जन्मते. एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. मग अशा माणसाला वाळीत का टाकायचे? २०१७ सालच्या कायद्याने तसा भेदभाव करायला बंदी आहे. लाजेपायी गोळ्या लपवायच्या आणि लपवता लपवता चुकवायच्या, यात माणूस जातो. माहिती हवी असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो.

काविळीचेही असेच समजून घ्या. कावीळ एकच नाही. घाण पाण्यातून येणारी कावीळ बहुधा विश्रांतीने आणि काळजीने बरी होते. तिच्या विषाणूवर खास औषध लागत नाही. रक्तातून पसरणाऱ्या दोन काविळी मात्र वर्षानुवर्षे यकृत कुरतडतात. त्यांतली ‘सी’ कावीळ साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णव जणांची बरी होते. २०१८ पासून सरकारच्या कार्यक्रमात ही औषधे फुकट मिळतात. ‘बी’ कावीळ गोळ्यांनी आटोक्यात राहते. तिच्यावर लसही आहे. ती बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत टोचावी.

लस आणि हे औषध एक नव्हे, बरं का. लस म्हणजे चोर येण्याआधी नेमलेला पहारेकरी. औषध म्हणजे चोर आत आल्यावरचा उपाय. काही चोरांवर आत आल्यावर उपायच चालत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग तसा आहे. लक्षणे दिसू लागली की औषध नाही. म्हणून कुत्रे चावताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच लस घ्यायला जा. डेंगीच्या विषाणूवरही अजून खास औषध नाही. तिथे डास हटवणे आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली राहणे हाच मार्ग.

आणि जे औषध आहे, तेही सर्वांना सदासर्वदा लागू पडत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दिवसांत रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी लोक गावोगाव वणवण फिरले. दागिने मोडले, कर्ज काढले. तेही मिठाच्या गोणीचेच औषध. पण ज्यांचा श्वास यंत्रावर चालला होता, अशा रोग्यांना त्याचा उपयोग झाला नाही, असे मोठ्या चाचणीत दिसून आले. तोवर विषाणूने आपले काम उरकलेले असते. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

तेव्हा मंडळी, आम्हाला सांगायचे ते एवढेच. विषाणूवरचे औषध विषाणूची वाढ थोपवते. झालेली नासाडी ते भरून काढत नाही. म्हणून ते वेळेवर घ्यावे. ते ज्या विषाणूचे, त्याच विषाणूवर चालते. म्हणून ते डॉक्टरच्या सांगण्यावरूनच घ्यावे, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. आणि जितके दिवस सांगितले, तितके दिवस घ्यावे.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. गोळ्यांच्या पाकिटावरचे नाव वाचा. औषध संपायची तारीख वाचा. डॉक्टरला बेधडक विचारा, “हे कशाचे औषध? किती दिवस घ्यायचे?” घरात कोणाला नागीण उठली, तर आज कितवा दिवस हे आधी मोजा, आणि मंत्राची वाट सोडून दवाखान्याची वाट धरा.