वडिलार्जित जपानी तलवारीची ओळख

खंडेनवमीस घरातील शस्त्रे बाहेर काढावीत, ती घासूनपुसून लखलखीत करावीत आणि झेंडूची फुले वाहून त्यांची पूजा करावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. समजा, बीड जिल्ह्यात, मन्मथस्वामींच्या समाधीने पावन झालेल्या कपिलधारच्या पंचक्रोशीत, एखाद्या घरी पाटावर मांडलेल्या शस्त्रांत एक परकी तलवार आहे. ती आजोबांनी लढाईवरून आणली, एवढेच घरच्यांस ठाऊक. नातू राख आणि चिंच घेऊन ती घासावयास बसला आहे. श्रोतेहो, त्या नातवाचा हात क्षणभर थांबवावा, एवढ्यासाठीच हे भाषण आहे.

अशी तलवार मराठी घरात यावी यात नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण मार्च 1944 मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपान्यांशी झुंजली. बीडला लागून असलेल्या त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी 1945 साली इटलीत ज्या पहिल्या पलटणीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तीच पलटण पुढे 1946 साली जिंकलेल्या जपानात पहाऱ्यावर गेली. शिवाय आग्नेय आशियातील शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समक्ष हवाली केल्याच पाहिजेत, असा सेनापती माउंटबॅटन यांचा आग्रह होता. 12 सप्टेंबर 1945 रोजी सिंगापुरात मुख्य शरणागती झाली आणि त्यानंतर शेकडो तलवारी विजेत्यांच्या हाती आल्या.

ओळखीचा आरंभ बाहेरून करावा. मूठ धातूची ओतीव असून तिच्यावर फीत गुंडाळल्याचा केवळ देखावा असेल आणि पात्यावर आकडे ठोकलेले असतील, तर ती 1935 साली ठरविलेल्या नमुन्याची, कारखान्यात बनलेली, हवालदार दर्जाच्या शिपायाची तलवार होय. अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ निराळी असते. तिच्यावर पाकट माशाची खरखरीत कातडी आणि तिच्यावरून खरी फीत आवळलेली असते. चेरीच्या पाच पाकळ्यांच्या फुलाचे ठसेही आढळतात. मुठीचा गोंडा शाबूत असेल तर हुद्दाही कळतो : तपकिरी व निळा गोंडा लेफ्टनंट ते कॅप्टन यांचा, तपकिरी व तांबडा मेजर ते कर्नल यांचा.

परंतु तलवारीचे खरे गुपित मुठीच्या आत दडलेले असते. पात्याचा जो भाग मुठीत जातो त्यास जपानी लोक ‘नाकागो’ म्हणतात. लोहार आपले नाव आणि कधी कधी घडविल्याचे वर्ष तेथेच कोरतो. वर्ष ‘शोवा’ या राजकालगणनेत असल्यास त्यात 1925 मिळवावेत. शोवा 17 म्हणजे इसवी सन 1942. युद्धकाळी कारखान्याच्या पद्धतीने बनलेल्या अनेक पात्यांवर नावाजवळ तपासणीचा लहानसा शिक्का असतो. अशी पाती बहुधा तेलात बुजवलेली असत. उलट, काही अधिकारी आपल्या घराण्यातील शतकांपूर्वीचे पाते नव्या लष्करी मुठीत बसवून रणात नेत. त्या जुन्या पात्यास पाण्यात बुजवून पाणी दिलेले असते आणि धारेलगत धुक्यासारखी पांढुरकी रेघ दिसते. एकाच म्यानात कारखान्याचा माल निघेल की अमोल वारसा, हे बाहेरून सांगता येत नाही.

नाकागोवरील गंज हा मळ नव्हे, तो पुरावा होय. त्याच्या रंगावरून व पोतावरून जाणकार पात्याचे वय अजमावतात. तो खरवडला की वय गेले. जोराने घासले की नावही गेले. म्हणून नाकागोस राख, चिंच, लिंबू किंवा पॉलिश कदापि लावू नये. मूठ बांबूच्या एका लहान खुंटीने अडकविलेली असते. ती हलक्या हाताने निघाली तर काढावी. न निघाल्यास, अथवा मळसूत्री खिळा असल्यास, जाणकाराची वाट पाहावी. पात्याची धार घातक असते, हेही विसरू नये. कोरलेल्या अक्षरांचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे ते जपानी वाचणाऱ्यास दाखविता येते.

येथे एक खुलासा अवश्य आहे. नाकागोवरचे नाव लोहाराचे असते, तलवार बाळगणाऱ्याचे नव्हे. त्याचे नाव क्वचित मुठीस बांधलेल्या लाकडी वा कापडी चिठ्ठीवर सापडते. ती चिठ्ठी कचरा समजून टाकू नये. कोणा दूरच्या घराण्यास आपला माणूस ओळखण्याची ती एकमेव खूण असू शकेल. खुद्द जपानात दोस्तांनी जप्त करून तोक्योतील अकाबाने येथे साठविलेल्या तलवारींपैकी हजारो तलवारींचे मालक अखेरपर्यंत उमगले नाहीत.

भारतात शस्त्रांसंबंधी 1959 चा आणि पुराणवस्तूंसंबंधी 1972 चा कायदा आहे. म्हणून तलवार विकण्यापूर्वी अथवा परदेशी धाडण्यापूर्वी पोलीस ठाण्यात व पुरातत्त्व खात्यात चौकशी करणे इष्ट.

पूजा मात्र खुशाल करावी. हळदकुंकू म्यानास वाहावे, पाते कोरड्या मऊ कापडाने पुसून त्यास तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि नाकागो जसा आहे तसाच ठेवावा. आजोबांनी ती तलवार कोठून व कशी आणली, हे घरातील वृद्धांस विचारून त्याच दिवशी लिहूनही ठेवावे. कारण पोलाद टिकते, सांगणारे मात्र टिकत नाहीत.