आधी दार, मग अर्ज
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



वाचनालयांचे शासकीय अनुदानाचे प्रस्ताव तयार करणे हे माझे काम. कर्जत-खालापूर परिसरात मला नेहमी विचारले जाते, "अर्ज कोणता भरायचा?" माझे उत्तर ठरलेले असते : अर्ज नंतर, आधी दार उघडा.

1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळते ती सर्वांसाठी खुल्या असलेल्या ग्रंथालयाला. तेथे जात, धर्म, पंथ हा भेद चालत नाही. अ, ब, क, ड असे वर्ग असून ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास पाहून वर्ग ठरतो. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही आणि लेखापरीक्षित हिशेब चोख असावे लागतात. जिल्ह्याचे हे काम अलिबागच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून चालते.

2012 साली महसूल यंत्रणेने राज्यभर पडताळणी केली, तेव्हा अनेक ग्रंथालये केवळ कागदावर आढळली. त्याची झळ प्रामाणिक संस्थांनाही बसली. नव्या मान्यता दीर्घकाळ रखडल्या. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तरी केवळ त्यावर ग्रंथालय चालत नाही. स्थानिक दात्यांचा आधार हवाच.

ज्ञानदान आपल्या समाजाला नवे नाही. ग्रंथभांडारांनी शतकानुशतके पोथ्या जपल्या. आता कातकरी-ठाकर वाडीतील मूलही निःसंकोच आत येऊन पुस्तक घरी नेईल, तेव्हाच आपले दान आणि शासनाचे अनुदान दोन्ही सार्थकी लागतील.

जय जिनेंद्र!