पावसाळा आणि संगणकाचा पडदा
(तालुका कार्यालये व सेवा केंद्रे यांतील कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणात जून महिना लागला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशाची धावपळ. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबाराचा उतारा यांसाठी दूरच्या वाड्यांवरून माणसे तालुक्याच्या गावी येतात. नेमक्या याच दिवसांत संगणकाचा पडदा काळा पडतो आणि ‘मशीन बंद आहे, उद्या या’ असे उत्तर त्यांना मिळते. या एका उत्तरापायी शेतमजुराची दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वाया जाते आणि मुदत हुकली तर मुलाचा प्रवेशही धोक्यात येतो. ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकाचा हक्क आहे. त्यामुळे मॉनिटरचा बिघाड ही केवळ तंत्रज्ञाची बाब राहत नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पडदा काळा पडला म्हणजे मॉनिटर निकामी झाला असे नव्हे, आणि मॉनिटर निकामी झाला म्हणजे माहिती नष्ट झाली असेही नव्हे. माहिती संगणकात अथवा दूरच्या सर्व्हरवर साठविलेली असते. मॉनिटर ती दाखविण्याचे काम तेवढे करतो.

दोष शोधताना क्रम पाळल्यास निम्मे काम पाच मिनिटांत होते. मॉनिटरच्या कडेचा छोटा दिवा मुळीच लागत नसेल, तर वीजपुरवठा पाहावा. भिंतीतील प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड आणि मॉनिटरच्या मागची वायर यांपैकी काहीतरी सैल झालेले असण्याचा संभव असतो. दिवा लागतो, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येतात, तेव्हा मॉनिटर बहुधा सुस्थितीत असतो. दोष केबलचा, निवड चुकलेल्या जोडणीचा किंवा खुद्द संगणकाचा असतो.

चित्र दिसते, पण त्यावर रेघा येतात, अशा वेळी मॉनिटरच्याच बटणाने त्याचा मेनू उघडावा. मेनूवरही त्याच रेघा दिसल्या तर दोष मॉनिटरचा समजावा. मेनू स्वच्छ दिसला तर केबल व संगणक तपासावा. रंग बिघडले असतील तर जुन्या पद्धतीच्या पंधरा पिनांच्या व्ही.जी.ए. केबलकडे पाहावे. तीत तांबडा, हिरवा व निळा हे रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. निळ्याची पिन वाकली की पांढरे पान पिवळे दिसते, हिरव्याची सुटली की गुलाबी-जांभळे आणि तांबड्याची सुटली की निळसर हिरवे. पडदा अगदी काळा असेल, तर त्यावर तिरपी बॅटरी मारून पाहावी. अंधुक चित्र दिसल्यास पडद्यामागचा प्रकाश गेला आहे असे समजावे. ती दुरुस्ती तंत्रज्ञाचीच.

आता ओलाव्याकडे वळू. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तेच पडद्याचे होते. हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली, तर सुमारे २७ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव जमते. वातानुकूलित खोलीतील बंद मॉनिटर त्याहून थंड असतो. खोलीची खिडकी उघडली किंवा मॉनिटर व्हरांड्यात आणला, की त्यावर आणि त्याच्या आतही ओल धरते. ओल, धूळ आणि समुद्राकडून येणारे क्षार एकत्र आले की त्यांतून वीज वाहू लागते. तांब्याच्या बारीक रेषांवर कळंक चढते आणि चालू विजेमुळे ही झीज झपाट्याने वाढते. पुसताना पडद्यावर थेट फवारलेले पाणीही असेच घातक ठरते. ते ओघळून खालच्या चौकटीतील नाजूक जोडण्यांत शिरते आणि पडद्यावर उभ्या रेघा उमटतात.

कौलांतून गळून किंवा खिडकीतून येऊन पाणी मॉनिटरवर पडले, तर सर्वप्रथम कोरड्या हाताने भिंतीवरचा स्विच बंद करावा. स्विच किंवा बोर्डच भिजला असेल, तर त्याला हात न लावता मुख्य पुरवठा बंद करावा. मग दोन्ही केबली काढाव्यात. ‘चालतो का पाहू’ म्हणून बटण दाबणे ही सर्वांत मोठी चूक होय. बाहेरचे पाणी कोरड्या मऊ कापडाने टिपून मॉनिटर उभाच ठेवावा आणि पंख्याच्या वाऱ्यात किमान दोन दिवस सुकू द्यावा. कडक ऊन किंवा केस वाळविण्याचे यंत्र वापरू नये. त्या उष्णतेने पडद्याचे थर बिघडतात. मागचे झाकण तर मुळीच उघडू नये. वीज काढल्यावरही आत धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. जुन्या काचनळीच्या मॉनिटरमध्ये तो हजारो व्होल्टचा असतो.

पुराच्या पाण्याची गोष्ट निराळी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहरात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तशा प्रसंगी यंत्र बाहेरून कोरडे झाले तरी गाळ आणि क्षार आत राहतात. असे यंत्र तंत्रज्ञाने साफ करून तपासल्याखेरीज विजेला जोडू नये.

खबरदारीचे उपाय अल्पखर्चाचे आहेत. मॉनिटर ओल आलेल्या भिंतीपासून दूर ठेवावा. तो गरम असताना त्यावर प्लॅस्टिकचे आवरण घालू नये, सुती कापड बरे. पावसाळ्यात सुटीनंतर खोलीत हवा खेळती करावी आणि पडद्यावर दव दिसल्यास ते पूर्ण सुकल्यावरच यंत्र सुरू करावे. पुसताना कापड किंचित ओलसर करावे, मॉनिटर बंद ठेवावा. विजा चमकू लागल्या तर प्लग काढून ठेवावा.

दुरुस्तीपलीकडे गेलेला मॉनिटर भंगारवाल्याकडे देऊ नये. जुन्या काचनळीच्या काचेत शिसे असते आणि अनेक जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

प्रत्येक कार्यालयाने मे महिन्यातच एक जादा केबल आणि चालू स्थितीतील एक जुना मॉनिटर कपाटात तयार ठेवावा, आणि तपासणीचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी लावावा. एवढी तयारी असली, तर खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला दाखला त्याच दिवशी देता येतो.