देवदूतांच्या अंगातले छर्रे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यात ब्लाइद नावाची एक लहान नदी आहे. समुद्राला मिळण्याआधी ती ऐसपैस पसरते. भरतीला जिकडेतिकडे पाणी, ओहोटीला नुसता चिखल. या दलदलीच्या काठावर ब्लाइदबरा हे गाव, आणि त्याच्या उंचवट्यावर पवित्र त्रैक्याचं चर्च. गाव अगदी छोटं. चर्च मात्र सव्वाशे फुटांहून लांब. दुरून पाहिलं की वाटतं, एवढ्याशा वस्तीनं हे पेललं तरी कसं?

मध्ययुगात हे गाव एवढंसं नव्हतं. इथपर्यंत गलबतं येत, बाजार भरे. शेजारी ऑगस्टिनी साधूंचा मठ होता. 1412 साली राजा चौथ्या हेन्रीनं पूर्वेकडचा, वेदीचा भाग नव्यानं बांधायला परवानगी दिली आणि पंधरावं शतक सरता सरता जुना मनोरा वगळून सगळी इमारत पालटली. आसपास चांगला बांधकामाचा दगड नाही. आहेत त्या गारगोट्या. त्या फोडून त्यांची काळी चकचकीत बाजू दर्शनी ठेवायची आणि बाहेरून आणलेल्या फिकट दगडाच्या पट्ट्यांत ती बसवायची, ही त्या मुलखाची कारागिरी. ब्लाइदबराच्या भिंती आजही अशा काळ्या-पांढऱ्या आहेत.

पण मला बोलायचंय ते छपराबद्दल. इंग्लंडमध्ये पॅरिश, म्हणजे आपल्या वसईकडचे ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात ते, केवळ प्रार्थनेपुरतं नव्हतं. त्याला जबाबदाऱ्या होत्या. रिवाज असा, की वेदीकडच्या भागाची डागडुजी ज्याला गावाचा धर्मकर मिळे त्यानं करायची, आणि लोक जिथे उभे राहत त्या मुख्य दालनाची गावानं. आपल्या भाषेत सांगायचं, तर गाभारा देवस्थानाच्या मालकाकडे, सभामंडप गावाकडे. त्यासाठी लोक मृत्युपत्रांत रकमा लिहून ठेवत. त्यामुळे सभामंडपाचं छप्पर हे गावानं स्वतःच्या खर्चानं डोक्यावर घेतलेलं छप्पर आहे, हे विसरून ते पाहताच येत नाही.

हे छप्पर जवळजवळ सपाट आहे, लाकडी. पांढऱ्या रंगावर लाल-हिरवी फुलं आणि येशूच्या नावाची आद्याक्षरं. तुळयांच्या मध्यावर पाठीला पाठ लावून पंख पसरलेले देवदूत. त्यांतले 12 आज शिल्लक आहेत. दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला अठरा-अठरा खिडक्या. खाली बाकांच्या टोकांवर ख्रिस्ती परंपरेतली सात महापापं कोरली आहेत. त्यांतला आळस तर चक्क अंथरुणात उठून बसलाय. मला हे बाक फार आवडतात. ज्यांनी वर देवदूत बसवले त्यांनीच खाली स्वतःची खोडही कोरून ठेवली.

या देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे रुतलेले सापडले. ते कुणी मारले, याची कथा पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. 1644 च्या एप्रिलमध्ये विल्यम डाउझिंग इथे आला. राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं युद्ध चालू होतं आणि चर्चमधल्या मूर्ती, चित्रं काढून टाकायचं काम पार्लमेंटच्या बाजूनं त्याच्याकडे दिलं होतं. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. वीस देवदूत खाली उतरवण्याचा हुकूम दिल्याची नोंद त्यानं केली आहे. तेव्हा त्याच्या माणसांनीच बंदुका झाडल्या असणार, असं लोक सांगत आले. खांबांवरच्या कड्या दाखवून, इथे शिपायांनी घोडे बांधले, असंही सांगतात.

खुलासा मिळाला तो चर्चच्या जमाखर्चात. छपरात कावळ्याच्या जातीचे छोटे पक्षी घरटी करत आणि छपराची नासधूस होई. त्यांना मारण्यासाठी अठराव्या शतकात गावानं दारू आणि छर्ऱ्यांचे पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. 1970 नंतरच्या दुरुस्तीत निघालेले छर्रेही त्याच जातीचे ठरले. म्हणजे देवदूतांना लागलेल्या गोळ्या द्वेषाच्या नव्हत्या, छप्पर वाचवायला धडपडणाऱ्या गावकऱ्यांच्या होत्या. हे कळल्यावर डाउझिंगचा राग कमी होत नाही, व्हायचं कारणही नाही. पण गावाबद्दलची माया मात्र वाढते.

कारण गावावरही कमी संकटं आली नव्हती. नदी गाळानं भरली, मठ आठव्या हेन्रीच्या काळात गेला. 4 ऑगस्ट 1577 ला प्रार्थना चालू असताना वीज पडली, मनोऱ्याचं शिखर छपरातून आत कोसळलं, माणसं दगावली. उत्तरेच्या दारावरचे काळे डाग म्हणजे त्या दिवशी आलेल्या सैतानी कुत्र्याच्या नखांच्या खुणा, अशी दंतकथा आजही सांगतात. 1881 साली तर इमारत धोकादायक म्हणून बंदच करावी लागली. त्याआधी पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत.

दुरुस्ती करताना इमारत नवी कोरी करायची की आहे ती सांभाळायची, हा वाद तेव्हा पेटला. 1877 मध्ये विल्यम मॉरिसनं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली होती, ती यात उतरली. पैसाही तुटपुंजा होता. झालं ते बरंच झालं: देवदूतांवर नवा रंग चढला नाही.

आज रंगीत काचा जवळजवळ उरलेल्या नाहीत. साध्या काचांतून दलदलीवरचा पांढरा उजेड थेट आत येतो, आणि मान वर केली की पाचशे वर्षांपूर्वीची लाल-हिरवी फुलं विटलेली, पण स्पष्ट दिसतात.