घराबाहेरची विद्या
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



तरुणांना चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आपणांसमोर उभा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला व जन्मभर खडू झिजविलेला एक शिक्षक. मजजवळ मोठे तत्त्वज्ञान नाही. आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. ती लांबलचक यादी ऐकताना ऊर भरून आला. परंतु त्याच वेळी एक शंकाही मनात आली. यांपैकी किती मुलांना पोहता येते? अंधाऱ्या रात्री उत्तर दिशा कितींना ओळखता येईल? दोराला सुरगाठ कोणती व निरगाठ कोणती, हे कितींना ठाऊक असेल? गुणपत्रिकेत या विद्यांचा रकाना नाही, म्हणून घरोघरी त्यांची उपेक्षा झाली आहे. तीविषयीच आज बोलावयाचे आहे.

प्रथम ‘पुरुषार्थ’ या शब्दाचा विचार करू. मिशीला पीळ देणे, आवाज चढविणे, घरातील माणसांना धाकात ठेवणे याला कित्येक जण पुरुषार्थ समजतात. मला तो अर्थ मान्य नाही. संकटाच्या वेळी ज्याच्या नुसत्या जवळ असण्याने भोवतीच्या चार माणसांना धीर येतो, तोच खरा पुरुष. हा धीर अंगावर शिकलेल्या विद्येतून येतो. लोकमान्य टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष प्रामुख्याने शरीर कमावण्यात घालविले, हे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पुढे त्यांनी जे सोसले त्याचा पाया त्या वर्षात होता, असे मला वाटते.

या विद्यांत मी पोहण्याला पहिले स्थान देतो. आमच्या लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलीत, आणि आठ-पंधरा दिवसांत पोर तरंगू लागे. आज विहिरी बुजल्या, भोपळा गेला, पण नदी, धरण व समुद्र जेथल्या तेथे आहेत. माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. सहलीला गेलेला नववीतील एक मुलगा नदीच्या डोहात उतरला व बुडू लागला. काठावर पाच सोबती उभे होते. एकाने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. बुडणाऱ्याने त्याला मिठी मारली, आणि दोघेही गेले. काठावर टॉवेल होते, डबे बांधून आणलेला दोर होता, जवळच बांबूचे बेट होते. पण त्यांचा उपयोग कोणालाच सुचला नाही. त्या मुलांजवळ धैर्य कमी नव्हते. कमी होती ती विद्या.

म्हणून तरुणांनो, हे नीट ध्यानात ठेवा. बुडणाऱ्याकडे पाण्यात धावू नका. काठावरून दोर, धोतर किंवा बांबू त्याच्याकडे करा, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेका. स्वतः पडलात तर धडपड न करता उताणे होऊन तरंगा. बाहेर काढलेला मनुष्य श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ घालवू नका. तोंडाने श्वास द्या, छातीचा मध्य जोराने व भराभर दाबीत राहा, आणि दुसऱ्याला मदतीसाठी पिटाळा. ही विद्या केवळ पुरुषांचीच आहे असेही नव्हे. मिहिर सेन यांनी १९५८ साली इंग्लिश खाडी पोहून पार केली, तर दुसऱ्याच वर्षी, १९५९ मध्ये, आरती साहा या तरुणीने तोच पराक्रम केला. तेव्हा भगिनींनो, मुलींनाही मागे ठेवू नका.

दुसरी विद्या डोंगर चालण्याची. सह्याद्रीसारखा गुरू दाराशी असता आपण त्याचे दर्शन मोटारीच्या काचेतून घेतो, हे आश्चर्य होय. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. निरोगी तरुणाला ते एका दिवसात चढून उतरता येते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी अकरा आपल्या महाराष्ट्रात आहेत. त्या बातमीने आपण आनंदलो, पण साल्हेर किंवा राजगड स्वतःच्या पायांनी कितींनी चढला? गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली, म्हणजे आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी पुस्तकाहून अधिक कळते. मात्र डोंगराशी उद्धटपणा करू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्यावर छायाचित्रासाठी उभे राहणे हे शौर्य नव्हे. सोबत स्थानिक वाटाड्या असावा, पाणी उकळून प्यावे, दिवस मावळण्यापूर्वी उतरावे, आणि नेलेला कचरा परत आणावा.

डोंगरावर मुक्काम केलात तर आकाश वाचा. सप्तर्षींच्या चौकोनातील पुढचे दोन तारे, क्रतु व पुलह, जोडून ती रेघ सुमारे पाचपट वाढविली की ध्रुव सापडतो. सप्तर्षी मावळले असतील तेव्हा शर्मिष्ठेवरून त्याचा अंदाज घ्यावा. पुण्याच्या आसपास ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांच्या सुमारास, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर दिसतो. मृगाच्या मधले तीन तारे जवळजवळ नेमक्या पूर्वेस उगवतात व पश्चिमेस मावळतात. आपल्या खिशातील यंत्र दिशा दाखविते हे खरे. परंतु त्याची शक्ती संपली की ते मुके होते, आकाश मुके होत नाही.

तिसरी गोष्ट सर्पदंशाची. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. दंश झाल्यास जखम चिरू नये, विष चोखू नये, करकचून दोरी आवळू नये. माणसाला धीर देऊन निजवावे, दंश झालेला अवयव फळी बांधून स्थिर करावा, हातातील अंगठी-कडे काढावे, आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात त्वरेने न्यावे. साप मारण्यात किंवा मांत्रिकाच्या दारी गेलेली घटका परत येत नाही. विंचवाच्या बाबतीतही तेच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व असंख्य जीव वाचले. ती विद्या रुग्णालयातच मिळते, देवळात नव्हे.

आता अनुभवांकडे वळतो. माझ्या मते प्रत्येक तरुणाने आयुष्यात चार गोष्टी एकदा तरी कराव्यात. एक, तीन दगडांची चूल मांडून दहा माणसांचा स्वयंपाक करावा. म्हणजे घरातील स्त्रियांच्या नित्याच्या श्रमांची किंमत कळेल. दोन, आषाढाच्या चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी करावी. मग पानात अन्न टाकण्याचे धाडस होणार नाही. तीन, घरातील आजाऱ्याच्या उशाशी सबंध रात्र जागावे, त्याचे मलमूत्रही स्वतः काढावे. गड चढण्याहून हे कठीण आहे, आणि ते आपण आजवर बायकांवर सोपविले. चार, आळंदीहून पंढरपूरला पायी जावे. सुमारे अडीचशे किलोमीटरांची ती वाट. दिवे घाटाच्या चढावर शेजारचा वारकरी तुम्हांला हात देईल, तेव्हा तो तुमची ज्ञाती विचारणार नाही. ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून हे बोलणे कोणास विचित्र वाटेल. पण जी ज्ञाती आपल्या मुलांना स्वतःच्या अंगणापलीकडे जाऊ देते, तीच टिकते, अशी माझी श्रद्धा आहे.

अखेरीस कार्यकारी मंडळास एक विनंती. आपण शिष्यवृत्त्या देतो, ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक उन्हाळ्यात एक महिना जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहण्याचा वर्ग, हिवाळ्यात एक दुर्गयात्रा, आणि वर्षातून एकदा प्रथमोपचाराचे शिक्षण, एवढे मंडळाने करावे. त्यास सभागृह बांधण्याइतका खर्च नाही. दारे मात्र केवळ आपल्याच मुलांसाठी नव्हेत, तर वाडीवस्तीतील सर्व मुलामुलींसाठी उघडी असावीत, कारण डोहात बुडणारा कोणाचा मुलगा आहे हे पाणी पाहत नाही. पुढील वर्षी याच व्यासपीठावर गुणवंतांच्या यादीशेजारी पोहावयास शिकलेल्या मुलामुलींचीही यादी वाचली जावी, एवढीच अपेक्षा.