दान समाजाचे, लाभ कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची रोपणे आता सर्वांच्या परिचयाची झाली आहेत. लहान आतड्याचे रोपण मात्र शल्यविशारदांना दीर्घकाळ साधले नाही. अमेरिकेत रिचर्ड लिलहाय यांनी १९५९ साली कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. थॉमस स्टार्झल यांनी १९६० साली पोटातील अनेक अवयव एकत्र रोपण्याचे प्रयोग मांडले. पुढे माणसावर झालेले प्रारंभीचे प्रयत्न फसले. त्याचे कारण आतड्याच्या रचनेतच आहे. आतडे हे प्रतिकारक पेशींचे मोठे कोठार आहे आणि त्याच्या पोकळीत असंख्य जिवाणूंची वस्ती असते. शरीराने परके आतडे नाकारले, की त्याचे अस्तर ढासळते आणि जिवाणू रक्तात शिरतात. नाकारण्याची ही क्रिया औषधांनी दडपावी, तर जंतुसंसर्गाला दार मोकळे होते.

ही कोंडी प्रथम औषधाने फोडली. सायक्लोस्पोरिनच्या आधारे १९८८ साली कॅनडात डेव्हिड ग्रँट यांनी यकृत व आतडे यांचे एकत्रित रोपण यशस्वी केले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस हे द्रव्य मिळाले. १९८९ साली पिट्सबर्गमध्ये स्टार्झल यांनी ते रुग्णांना दिले. आज जठर, स्वादुपिंड, यकृत आणि आतडे यांचा घड सामाईक रक्तवाहिन्यांसह एकसंध काढून बसवता येतो. पोटावर तात्पुरते तोंड ठेवून नव्या आतड्याची वारंवार तपासणीही करता येते.

‘गरीब देशाला हा थाट कशाला?’ असा प्रश्न काही सहकारी विचारतात. त्यांनी आतडे जाते कसे, ते पाहावे. आतड्याला पीळ पडला किंवा त्याची रक्तवाहिनी तुंबली, तर काही तासांत ते काळे पडते. वेळीच शस्त्रक्रिया झाली, तर पुष्कळदा वाचते. तालुक्याच्या रुग्णालयात शल्यविशारद असेल पण भूलतज्ज्ञ नसेल, तर शेतमजुराचे ते तास वाहनाच्या शोधात जातात. आतडे कापून प्राण वाचले, तरी अन्न पचून अंगी लागत नाही. मग शिरेतून पोषण द्यावे लागते. ते महाग असते. दीर्घकाळ चालले तर जंतुसंसर्गाचा आणि यकृत बिघडण्याचा धोका असतो. तेही निभेनासे झाले, की रोपणाची वेळ येते. तालुक्याचे रुग्णालय आणि रोपणाचे केंद्र ही अशी एकाच साखळीची दोन टोके आहेत. एकाच्या नावाने दुसरे नाकारणे हा खरा समाजवाद नव्हे.

मानवी अवयव रोपणाचा १९९४ चा कायदा १९९५ साली प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा होते. या कायद्याने अवयवांचा व्यापार निषिद्ध ठरवला. दान विनामूल्य झाले. उपचार मात्र बाजारातच राहिला. शोकाकुल कुटुंब काही न मागता देते आणि ते दान ज्याची ऐपत आहे त्याच्याकडे जाते. खाजगी विम्याच्या अमेरिकेतही शासकीय मेडिकेअर योजनेने २००१ पासून आतड्याच्या रोपणाचा खर्च स्वीकारला.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. तालुका पातळीवर चोवीस तास शस्त्रक्रिया व भूल यांची सोय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिरेतून पोषणाची व रोपणाची केंद्रे, आणि रोपणानंतर जन्मभर लागणारी औषधे मोफत. अवयव समाज देतो. त्यावरचा पहिला हक्क गरजेचा असला पाहिजे, पैशाचा नव्हे.