तुरुंगातल्या आपल्या माणसांना विसरू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आनंदाचा दिवस. पण आमची नजर पुढच्या रांगेतल्या एका रिकाम्या जागेवर जाते. तिथं बसणारी माऊली, मुलाला अटक झाल्यापासून विहारात येत नाही. तिला कुणी 'येऊ नको' म्हटलं नाही. पण 'ये' असंही कुणी म्हटलं नाही. हा दोष आमचाही आहे.

अंगुलिमालाला पकडायला राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन निघाला, तेव्हा तो भिक्षू होऊन भगवंतांजवळ बसलेला होता. भगवंतांनी त्याला लपवलं नाही, राजाला उघडपणे दाखवलं. पण संघाबाहेरही काढलं नाही. अंगुलिमालाने तर खून केले होते. आपल्या पोरावरचा गुन्हा अजून शाबीतही झालेला नाही!

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. पुष्कळांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे चूक ठरवलं.

आता कायदा काय म्हणतो, ते घरोघर सांगायला हवं. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यात येत नाहीत. अर्ज अधीक्षकांनी करायचा असतो. पण दिवस आपणच मोजून ठेवलेले बरे.

म्हणून आमची विनंती एवढीच. मुलाखतीला आईबरोबर कुणीतरी जावं. लिहिता येणाऱ्यांनी पत्र लिहून द्यावं. ज्यांची कागदपत्रं आहेत, त्यांनी नीट विचार करून जामीनदार व्हावं. तारखेला दोघांनी तरी कोर्टात हजर राहावं. आणि पोरगा सुटून आला की त्याला सतरंजीवर आपल्या शेजारी बसवावं.

गुन्ह्याची बाजू आम्ही घेत नाही. पंचशील सर्वांनाच लागू आहे. पण माणूस तोडणं हा धम्म नव्हे. उद्या संध्याकाळी आम्ही त्या माऊलीच्या घरी जाणार आहोत. कोण कोण येणार?

जयभीम! नमो बुद्धाय!